डॅलस जिंकणार, पण...

अमेरिकन फुटबॉलच्या प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, आठवडा लागला की आमच्या हॉलमध्ये सकाळपासून चार माणसं भांडायला लागतात. चौघेही सुटाबुटात, चौघांचेही दात पांढरेशुभ्र आणि चौघांपैकी एकही आमच्या नात्यातला नाही. दोघं निवृत्त खेळाडू, एक पत्रकार आणि चौथा बहुधा नुसत्या आवाजासाठी ठेवलेला. मी शेजारच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगला बसलेली असते. आवाज कमी करायची सोय नाही, कारण रिमोट अण्णांकडे असतो.

अण्णा म्हणजे माझे सासरे. २०२३च्या ऑक्टोबरात ते मिरजेहून आमच्याकडे, डॅलसच्या उपनगरात, सहा महिन्यांसाठी आले. आयुष्यभर क्रिकेट सोडून काही पाहिलं नव्हतं. पण भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून जन्म काढलेला माणूस. एका रविवारी टीव्हीवर चेंडू कुठे पडला यावरून वाद झाला, दोन माणसं साखळी घेऊन मैदानात धावत आली, दहा यार्ड ताणून मोजले आणि निकाल दिला. अण्णा खुर्चीत सरसावून बसले. "अगं, हे तर आपलंच खातं!" तेव्हापासून अमेरिकन फुटबॉल आमच्या घरात मुक्कामाला आला.

खेळाबद्दल माझी तक्रार नाही. तो रविवारी संपतो. भाकितं सोमवारपासून शनिवारपर्यंत चालतात.

त्या वर्षी आमच्या शहराचा संघ डॅलस काउबॉइज १२ जिंकून ५ हरलेले. स्वतःच्या मैदानावर सलग सोळा सामने त्यांना कुणी हरवलेलं नव्हतं. समोर ग्रीन बे पॅकर्स, ९ विजय, ८ पराभव, प्लेऑफमधला सर्वांत तरुण संघ आणि सातव्या क्रमांकाने कसाबसा आत आलेला. सातव्या क्रमांकाला प्लेऑफचं दार २०२० च्या मोसमापासून उघडलं, आणि तोवर त्या दारातून आलेले सहाच्या सहा संघ पहिल्याच सामन्यात घरी गेले होते. यात भाकीत करायचं ते काय? डॅलस जिंकणार म्हणायचं आणि जेवायला उठायचं. पण मग तासन् तासांचा कार्यक्रम कशाने भरणार? म्हणून पडद्यावर लाल पट्टी येते, अपसेट अलर्ट, म्हणजे दुबळा संघ बाजी मारण्याचा इशारा! सायरनही वाजतो. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मी धुराचा अलार्म समजून गॅस बंद करून आले.

चौघांपैकी तीन डॅलसच्या बाजूचे. पण खरा कलावंत तो पत्रकार. तो रोज म्हणायचा, "डॅलस जिंकणार, पण ग्रीन बे जिंकलं तर मला आश्चर्य वाटणार नाही." अण्णा या वाक्यावर फिदा. "दोन्ही गटधारकांना हद्द पटेल अशी मोजणी केलीय बघ त्यानं. असा एक जरी साहेब आम्हाला मिळाला असता ना!"

योगायोगाने सामना रविवारी १४ जानेवारीला, तर सोमवारी संक्रांत. अण्णांनी पंचांग सोबत आणलेलंच होतं. संक्रांत कशावर बसून येते, हातात काय, नेसलीय काय आणि त्यामुळे काय महागणार, हे त्यात दिलेलं असतं. मला त्या पंचांगकर्त्याचं कौतुक वाटतं. तो वर्षातून एकदा सांगतो आणि गप्प बसतो. महागाई झाली नाही तरी पुन्हा येऊन ओरडत नाही.

टीव्हीवरच्या या मंडळींचं कुलदैवत जो नेमथ. १९६९ साली सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, बाल्टिमोर कोल्ट्सना अठरा गुणांनी वरचढ धरलेलं असताना न्यूयॉर्क जेट्सच्या या नेमथने तीन दिवस आधी जिंकण्याची हमी दिली आणि १६-७ ने सामना मारला. ती चित्रफीत दर जानेवारीत दाखवतात. २००८ च्या सुपर बोलआधी न्यूयॉर्क जायंट्सच्या प्लॅक्सिको बरेसने अठरा सामने अजिंक्य राहिलेल्या पेट्रियट्सविरुद्ध २३-१७ असा विजय सांगितला. आम्ही फक्त सतराच गुण करणार होय, असं म्हणत पेट्रियट्सचा टॉम ब्रेडी हसला. त्यांनी चौदाच केले. जायंट्स १७-१४ ने जिंकले, म्हणजे बरेसचेही दोन्ही आकडे चुकलेच, पण ते कोण विचारतो? आणि ज्यांनी हमी देऊन सपाटून मार खाल्ला, त्यांच्या चित्रफिती दाखवत बसायला कुणाला वेळ आहे?

तर रविवार. मी तिळाच्या वड्यांचा पाक करत होते. नवरा डॅलसची जर्सी घालून चार मित्रांसह सोफ्यावर. पाकाला गोळी आली तेव्हा हॉलमधून आवाज यायचे बंद झाले होते. बाहेर येऊन पाहते तर ग्रीन बे २७, डॅलस ०. मध्यंतराला २७-७, शेवटी ४८-३२. डॅलसचे प्रशिक्षक माइक मॅकार्थी. याच गृहस्थांनी २०११ मध्ये याच स्टेडियममध्ये ग्रीन बेलाच सुपर बोल जिंकून दिला होता. चौघांपैकी एकालाही हे आठवड्यात सुचलं नाही, आणि मी म्हणते, भाकीतच करायचं तर यावर करा ना! पाहुण्यांनी वड्या न बोलता खाल्ल्या. तिळगूळ खाऊन इतकं कमी बोललेली माणसं मी पाहिली नाहीत.

सोमवारी सकाळी टीव्ही लागला. पत्रकार खुर्चीत रेलून बसलेला. त्याची आठवडाभराची वाक्यं एकामागोमाग दाखवत होते, फक्त प्रत्येकातलं "डॅलस जिंकणार, पण" कापलेलं. उरलेले तिघे माना डोलावत होते. पुढच्या शनिवारी ग्रीन बे सॅन फ्रान्सिस्कोकडून २४-२१ ने हरलं, त्याआधी सायरन वाजलाच होता. त्या फितीचं काय झालं कुणास ठाऊक.

एप्रिलमध्ये अण्णा मिरजेला परतले, ते थेट सांगली लोकसभेच्या प्रचारात. रोज संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन ते एकच सांगत, "विद्यमान खासदारच येणार, पण अपक्ष आला तर मला आश्चर्य वाटणार नाही." ४ जूनला सांगलीत अपक्ष निवडून आला. आमच्याकडे पहाट होती. फोन वाजला.

"सूनबाई, झोपलीस काय? कट्ट्यावर कुणालाही विचार, मी आधीच म्हटलं होतं!"