नकाशा कोर्टात, हजेरीपट आक्काकडे

१ नोव्हेंबर जवळ आला की माझ्या फोनवर नकाशे यायला लागतात. तिकडं कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लागतात, बेळगावात, हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची, काळ्या दिनाची सायकल फेरी निघते, आणि दुबई, टोरांटो, म्युनिकला स्थिरावलेले आमचे बेळगावकर, महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांचा नकाशा एकमेकांना पाठवत राहतात. मीही पाठवतो. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला वडिलांचं बोट धरून गेलेलं पोर दुसरं काय करणार? पण हल्ली तो नकाशा बघितला की मला आधी आठवतो तो थोरल्या बहिणीचा हजेरीपट.

मी फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, वासा शहरात राहतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत सुरुवात केली आणि इथं इंजिनांच्या कामावर आलो. आक्का बेळगाव तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. गावाचं नाव सांगत नाही, तिला अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. सीमाप्रश्नावर तिच्याइतकं कमी बोलणारं आमच्या घरात कुणी नाही, आणि मराठीसाठी तिच्याइतकं राबणारंही कुणी नाही.

आमच्याकडं सुट्टीचा मे महिना बाईंसाठी सुट्टीचा नसतोच. पहिलीला पोरं मिळवायची असतात. कन्नडमध्ये त्याला ‘दाखलाती आंदोलन’ म्हणतात, आणि मराठी शाळेचे शिक्षकही तेच नाव घेतात. गेल्या खेपेला मी सुट्टीवर होतो तेव्हा तिच्याबरोबर गल्लीतून हिंडलो. हातात वही, वहीत अंगणवाडीतून आणलेली नावं. एका दारात सून भांडी घासत होती. तिनं हात पुसले, पाट दिला, चहा टाकला आणि मग सांगितलं, “बाई, तुमी चांगलं शिकवताय, माझा दीरच तुमच्याकडं शिकलाय. पण इंग्लिश मीडियमची व्हॅन दारात येतीया. आमी दोघं सकाळी कामाला जातोय, पोराला सोडायचं कुणी?” तिच्या बोलण्यात मराठीचा द्वेष नव्हता, कन्नडचा धाकही नव्हता. अडचण व्हॅनची होती. आक्कानं वहीत त्या नावापुढं प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढचं दार गाठलं.

ही वही इतकी महत्त्वाची का, ते आपल्या चर्चांत कधी येत नाही. १९४९ साली देशातल्या प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं वेगळ्या मातृभाषेची असतील, तर त्यांना त्या भाषेतून शिकवायला शिक्षक द्यायचा. पुढं १९५६ मध्ये राज्यघटनेत ३५० अ कलम आलं आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणं राज्यांवर आलं. नियम करणाऱ्यांच्या मनात होतं ते असं, की दहाच पोरं असली तरी शिक्षक द्या. गावात तो नियम उलटा होऊन पोचतो. दहा भरली नाहीत तर काय, या काळजीनं बाई उन्हातून हिंडतात. ज्या माणसानं वर्गात शिकवायचं, त्यानंच गिऱ्हाईक गोळा करायचं!

जूनपासून बाकीचं सुरू होतं. पहिली ते तिसरी एकाच खोलीत बसवून नलीकलीची, म्हणजे खेळत शिकायच्या पद्धतीची, कार्डं. अक्षर दासोहच्या, म्हणजे दुपारच्या शालेय जेवणाच्या, तांदळाचा हिशेब, दुधाच्या पावडरीचा हिशेब, अंड्यांचा वेगळा. आसपासच्या शाळांवर लक्ष ठेवणाऱ्या सीआरपींचे फोन, सगळी परिपत्रकं कन्नडमध्ये, ऑनलाइन भरायचं तेही कन्नडमध्ये. तिला त्याचा त्रास नाही, तिचं कन्नड माझ्या मराठीपेक्षा शुद्ध आहे. २०२५ च्या दसऱ्याच्या सुट्टीत कर्नाटकातले शिक्षक मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणाला जुंपले गेले. घरटी ६० प्रश्न. ते काम उरकावं म्हणून शाळांची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. तेव्हा तिला फोन केला की मागं कुत्री भुंकत असायची.

माझी पोरगी इथं शाळेत जाते. फिनलंडमध्ये वर्गशिक्षक व्हायला पदव्युत्तर पदवी लागते, शाळा तपासायला येणारे इन्स्पेक्टर १९९० च्या दशकातच गेले, आणि शाळेत सगळ्यांना फुकट गरम जेवण १९४८ पासून आहे. जेवणाचा हिशेब वर्गशिक्षिकेकडं नसतो. ती पोरांबरोबर बसून बटाटे खाते आणि दुपारी घरी जाते. हे वाचून कुणी म्हणेल, झालं, आता हा फिनलंडचे गोडवे गाणार. नाही गाणार. इथल्या मुलांचे आंतरराष्ट्रीय चाचण्यांतले गुण २००६ नंतर घसरतच आलेत आणि पैशाच्या काटकसरीवरून इथंही बोंब आहे. मला सांगायचंय ते भाषेबद्दल.

वासामध्ये जवळपास चौथा हिस्सा लोक स्वीडिश बोलणारे. रस्त्याच्या पाटीवर दोन्ही भाषा. कायदा असा, की एखाद्या गावात अल्पसंख्य भाषेचे लोक ८ टक्के किंवा ३,००० असले की ते गाव द्विभाषिक. दर दहा वर्षांनी सरकार आकडे बघून यादी ठरवतं. मोर्चा नाही, पाटीला डांबर नाही. २०१४ साली बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवरची ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेली पाटी पोलिसांनी उखडली आणि त्यानंतर गावात जो लाठीमार झाला, तो आठवला की या कंटाळवाण्या यादीचा मला हेवा वाटतो. स्वीडिश शाळा वेगळ्या, त्यांचा कारभार वेगळा, आणि त्यांचे शिक्षक घडवणारी विद्यापीठाची शाखा याच शहरात.

त्याहून बोलकी गोष्ट ओलांड बेटांची. स्वीडन आणि फिनलंडच्या मधली ही बेटं. तिथले लोक स्वीडिशभाषक, त्यांना स्वीडनमध्ये जायचं होतं. १९२१ मध्ये राष्ट्रसंघानं निकाल दिला: बेटं फिनलंडची. पण फिनलंडनं त्यांची भाषा, शाळा आणि जमीन राखण्याची हमी द्यायची, आणि ती कायद्यात लिहून द्यायची. आज तिथं सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेचं माध्यम स्वीडिश आहे. ज्यांना दुसऱ्या देशात जायचं होतं त्यांची नातवंडं २०२२ साली स्वायत्ततेची शंभरी साजरी करत होती.

हे बेळगावला जसंच्या तसं लागू होत नाही, हे मला कळतं. ओलांड म्हणजे सुमारे ३०,००० वस्तीची बेटं, भोवती समुद्र. आमच्याकडं एकाच गल्लीत पाटील मराठी, शेजारचे पाटील कन्नड, आणि दोघांची शेतं एका बांधाला. शिवाय आमच्याकडं १९५६ पासून माणसं मेलीत. १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक हिंडलग्याला आहे, तिथं उभं राहून ‘सोडा हो तो नकाशा’ असं म्हणायची माझी छाती नाही. मागणी सोडा असं मी म्हणतही नाही. पण केंद्रानं सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. दावा दाखल झाला त्या वर्षी पहिलीत बसलेलं पोर आज स्वतःच्या पोराला कुठल्या शाळेत घालायचं या विचारात आहे. कोर्ट तारीख देईल तेव्हा देईल. तोवर लेखी हमी कुणी मागायची?

सक्तीचं म्हणाल तर ती इथंही आहे. फिनिश बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळेत स्वीडिश शिकावंच लागतं आणि पूर्वेकडून आलेला माझा सहकारी त्यावर दर पंधरा दिवसांनी कुरकुर करतो, की आमच्या गावात औषधालाही स्वीडिश माणूस नव्हता. पण त्या सक्तीची दिशा बघा. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांची भाषा शिकायची! पदवीधराला सरकारी नोकरी हवी तर दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. आक्का नोकरीला लागली तेव्हा तिनं खात्याची कन्नडची परीक्षा दिली, पास झाली, त्यात तिला काही गैर वाटलं नाही. मला मात्र विचारावंसं वाटतं, की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला मराठीचा एक तरी पेपर का नसावा? पोरं वाचतायत ते बरोबर की चूक हे त्याला कळायला नको?

पुण्याच्या नातेवाइकांचं वेगळंच. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी आणायचा निर्णय झाला, गदारोळ उठला आणि जूनअखेर तो मागं घेतला गेला. त्या दिवसांत मला फोन यायचे, “तुमच्याकडं तर पोरांवर तीन भाषा लादतात, बिचारी पोरं!” बिचारी वगैरे काही नाहीत ती. आक्काची पाचवीतली पोरं मराठीत भांडतात, कन्नडमध्ये बसचं तिकीट काढतात आणि इंग्रजीत कविता म्हणून बक्षीस घेतात. अडचण भाषांच्या संख्येत नाही, कुठली काढायची हे कोण ठरवणार यात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटकच्या राज्य शिक्षण धोरण आयोगानं दोन भाषांचं सूत्र सुचवलं, कन्नड किंवा मातृभाषा आणि जोडीला इंग्रजी. आक्काचा प्रश्न साधा होता, “मग आमच्या शाळेत मराठी जाणार की कन्नड?” दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांपैकी हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. मराठी गेलं तर शाळा गेली, आणि कन्नड गेलं तर पोराची नोकरी गेली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत बेळगाव तालुक्यात भाषेवरून बसच्या कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन राज्यांमधल्या बसगाड्या थांबल्या. परदेशातल्या आमच्या मंडळींनी दोन्हीकडून व्हिडिओ पाठवले. आक्काची शाळेतली एक सहकारी सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडकडून येते, ती कशी पोचली हे एकानंही विचारलं नाही.

रविवारबद्दल मात्र मी आक्काचा खरोखर हेवा करतो. इथला माणूस शनिवार-रविवारी जंगलातल्या लाकडी घरात जातो, गरम वाफ घेतो, तळ्यात उडी मारतो आणि कुणाशी बोलावं लागलं नाही म्हणून खूश होऊन परत येतो. आमच्याकडं सुगी आटोपली की साहित्य संमेलनांचे रविवार सुरू होतात: कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर, कुद्रेमानी, सांबरा, तिकडं खानापुरात माचीगड. शहरातल्या साहित्यिकांना खरं वाटत नाही, पण गावानं वर्गणी काढून भरवलेली ही संमेलनं आहेत. सकाळी ग्रंथदिंडी निघते, दारोदार रांगोळ्या, पुढं शाळेच्या पोरांचं लेझीम. त्या लेझमाच्या मागं चार आठवड्यांची तालीम असते आणि ती तालीम बाईंनी घेतलेली असते. दिंडीत डोक्यावर तुळस घेतलेल्या आज्ज्या. मांडवात पुण्या-मुंबईचा अध्यक्ष अर्धा तास जास्त बोलतो, हे ठरलेलंच. दुपारी सगळ्या गावाला जेवण, मग कथाकथन, शेवटी कवी. आक्का दिंडीच्या कडेनं चालत “ताल सोडू नगो रे!” म्हणून ओरडत असते, आणि तिच्याकडं कधीकाळी शिकलेले, आता मिशा आलेले बाप्ये वाकून नमस्कार करून जातात. माझ्या पोरीची फिनिश शिक्षिका हुशार आहे, तिला पगार आणि मान दोन्ही आहे, पण तिच्या शाळेसाठी अख्खं गाव रांगोळी काढत नाही.

पावसाळ्यात शिक्षक मंडळींची सहल असते, आंबोली नाहीतर चोर्ला घाट, भिजून परत. पोरांना घेऊन ती राजहंसगडावर जाते, हलशीला कदंबांची देवळं दाखवते, नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी दाखवते. १८३१ मध्ये इंग्रजांनी त्याला तिथं फाशी दिलं. कन्नड मुलुखाचा हा वीर ती मराठीतून शिकवते, आणि त्यावर आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

तिची कारकीर्द सांगायची तर चार ओळींत संपते. पीयूसीनंतर, म्हणजे बारावीनंतर, टीसीएच, प्राथमिक शिक्षकाची पदविका. पहिली नेमणूक जांबोटीच्या पुढं, एकशिक्षकी शाळा, पावसात ओढा चढला की मुक्काम पाटलांच्या सोप्यात. मग काउन्सेलिंगमधून बदली, मग ही शाळा, आता मुख्याध्यापकपदाचं बघायचं. कर्नाटकात निवृत्ती ६० ला. १ एप्रिल २००६ च्या आधी लागली म्हणून तिला जुनी पेन्शन, तिच्या शेजारच्या वर्गातल्या तरुण सरांना नाही.

त्या तरुण सरांनंतर कोण, हा माझ्या दृष्टीनं सीमाप्रश्नाचा आजचा भाग आहे. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये विधिमंडळात ८६५ गावांचा ठराव केला, नंतर तिथल्या लोकांना आरोग्य योजना लागू केली. चांगलं केलं. पण मराठी शाळांत रिकाम्या होणाऱ्या जागा, मराठीतून शिक्षकांचं प्रशिक्षण, मराठीत परिपत्रक, यासाठी बंगळूरला निवेदन घेऊन कोण जातं? स्वीडिश लोक एके काळी फिनलंडमध्ये सातात एक होते, आज वीसात एक आहेत. त्यांच्या शाळांनाही पात्र शिक्षक पुरत नाहीत. कायद्यानं त्यांची गळती थांबवली नाही. तरी जे उरलेत त्यांच्या शाळेत शिक्षक येणार की नाही, हे शेजारच्या दारातल्या व्हॅनवर ठरत नाही.

हा लेख आक्काला वाचून दाखवला. तिचं म्हणणं, व्हॅनबद्दल मी चुकीचं लिहिलंय. गावातल्याच तीन बापांनी मिळून या जूनपासून मराठी शाळेसाठी टेम्पो ठरवलाय, डिझेलचे पैसे माजी विद्यार्थी देणार आहेत. महिन्याचा आकडा तिनं सांगितला आणि विचारलं, “तुमच्या त्या नकाशावाल्यांत कितीजण देतील, बघतोस काय?” यादी करायला घेतली आहे.