हौस नेमकी कोणाची?

नोंदणी पद्धतीने, मोजक्या माणसांत लग्न करायचे आहे असे एखाद्या मुलीने सांगितले की नातेवाइकांच्या पोटात जे दुखू लागते, त्याचा आता खरोखरच उबग आला आहे. ‘एकुलती एक मुलगी आणि साधा हॉलसुद्धा नाही?’ इथून सुरुवात होते, मग ‘घरून विरोध असेल’ अशी कुजबुज, आणि शेवटी ‘निदान रिसेप्शन तरी ठेवा’ अशी उदार तडजोड. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार आधी नोटीस द्यावी लागते, ३० दिवस थांबावे लागते आणि तीन साक्षीदारांसह सह्या कराव्या लागतात. म्हणजे हे काही चोरून उरकलेले लग्न नव्हे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि भटजींवाचून लग्ने लावली, हे जयंतीच्या भाषणात छाती फुगवून सांगणारे आमचे काका पुतणीच्या लग्नात मंगलाष्टके नाहीत म्हणून रुसून बसले. आत्याने तर सहीच्या टेबलाशीच तिच्या सुती साडीचा पदर चिमटीत धरून ‘शालू तरी नेसायचा होतास गं’ म्हटले. वास्तविक तिने कोणाच्या वाजंत्रीला नावे ठेवली नव्हती; कर्ज काढून मानपान करणे आपल्याला पटत नाही, एवढेच ती म्हणाली होती, आणि तेही विचारल्यावर. ज्यांची हौस राहिली असेल त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाला खुशाल हॉल घ्यावा. आम्ही जेवायला येऊ.