वीस डॉलरला एक मत? एका फॉरवर्डचा प्रतिवाद

माझा भाचा सांगलीला अकरावीत शिकतो. येत्या शनिवारी त्याच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा आहे. विषय ‘लोकशाही आणि पैसा’, वेळ सात मिनिटे. रविवारी त्याने भाषणाची वही माझ्यापुढे ठेवली, तेव्हा तिसऱ्या पानावर लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलेले एक वाक्य दिसले : ‘अमेरिकेत वीस डॉलर = एक मत, आणि तेही कायदेशीर.’ हे कुठून आणलेस, असे विचारल्यावर त्याने फोन पुढे केला. घरच्याच ग्रुपवर आलेला तो संदेश मी त्याआधी आणखी दोन ग्रुपांवर पाहिला होता आणि न वाचताच वर सरकवला होता. आता तो वाचावा लागला.

संदेशाचा मजकूर थोडक्यात असा. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी पक्षांतर्गत निवडणूक, म्हणजे प्रायमरी होते, आणि तिच्या आधी टीव्हीवर उमेदवारांची डिबेट होते. या डिबेटच्या मंचावर कोणी उभे राहायचे, हे पक्षाचे पुढारी बंद खोलीत ठरवतात. २०२३ मध्ये एका श्रीमंत गव्हर्नरने एक डॉलर देणाऱ्याला वीस डॉलर परत देऊन उघडपणे मते विकत घेतली. भारतीय आणि आशियाई वंशाच्या उमेदवारांना गाळण्यासाठीच हे नियम केलेले आहेत. ट्रम्प यांनाही असेच बाहेर ठेवले गेले. एकदा मंचावरून उतरवलेला माणूस पुन्हा वर येत नाही. आणि शेवटी प्रश्न : ‘मग आपल्याकडे मतदानाच्या आदल्या रात्री कोणी पाकीट घेतले, तर एवढा गहजब कशाला?’

माझा खरा राग या शेवटच्या प्रश्नावर आहे, कारण बाकीचा सगळा मजकूर त्याच्यापाशी पोचण्यासाठीच रचलेला आहे. म्हणून वीस डॉलरपासूनच सुरुवात करतो.

ते गव्हर्नर म्हणजे नॉर्थ डकोटा राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर डग बर्गम; रिपब्लिकन पक्षाकडून अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी ते उतरले होते. सॉफ्टवेअर कंपनी उभारून २००१ मध्ये ती मायक्रोसॉफ्टला विकलेला हा माणूस श्रीमंत आहे, हे खरेच. पण राज्याबाहेर त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते, आणि त्या राज्याची लोकसंख्या आठ लाखांच्या आत, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने जून २०२३ मध्ये पहिल्या डिबेटचे निकष जाहीर केले होते, आणि या संदेशातला निम्मा गोंधळ तेवढे एक पत्रक वाचले तरी मिटतो. त्यानुसार उमेदवाराकडे देशभरातून किमान ४० हजार वेगवेगळे देणगीदार हवेत. शिवाय किमान २० राज्यांत, प्रत्येकी २०० तरी. त्याखेरीज १ जुलैनंतर झालेल्या, पक्षाने ग्राह्य धरलेल्या ठरावीक जनमत चाचण्यांत किमान १ टक्का पाठिंबा हवा. आणि अखेरीस जो कोणी पक्षाचा उमेदवार होईल त्याला पाठिंबा देऊ, अशी लेखी हमी हवी. देणगी किती रकमेची, याला मात्र महत्त्व नाही; एक डॉलर देणारा आणि तीन हजार देणारा, दोघेही मोजणीत एकच.

पळवाट नेमकी इथे होती. बर्गम यांच्या प्रचारयंत्रणेने जुलैमध्ये जाहीर केले की एक डॉलर देणाऱ्या ५० हजार जणांना वीस डॉलरचे गिफ्ट कार्ड टपालाने घरी पाठवले जाईल. नाव दिले ‘बायडन आर्थिक दिलासा कार्ड’, म्हणजे त्यातही महागाईवरून विरोधी पक्षाला टोला. सगळी कार्डे गेली असे धरले, तर हिशेब दहा लाख डॉलरचा होतो.

आता या व्यवहारात मत कुठे आहे, ते मला कोणीतरी दाखवावे. ज्याने एक डॉलर दिला तो रिपब्लिकन मतदार असण्याचीही गरज नव्हती. डेमोक्रॅटिक पक्षाचा कट्टर समर्थकही डॉलर देऊन कार्ड घेऊ शकत होता, आणि त्या कार्डावर किराणा भरून पुढे हवे त्याला मत देऊ शकत होता. कार्ड घेणाऱ्याने कसलीही शपथ घेतली नव्हती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की मतदानाची वेळच आली नाही : बर्गम यांनी ४ डिसेंबर २०२३ रोजी माघार घेतली, आणि पक्षांतर्गत निवडीची पहिली फेरी, आयोवातली, १५ जानेवारी २०२४ रोजी झाली. ‘वीस डॉलर = एक मत’ या समीकरणाच्या उजव्या बाजूला, जे मत पडायला जागाच नव्हती, ते लिहिलेले आहे. पैसे देऊन प्रत्यक्ष मत मिळवणे हा अमेरिकेतही संघीय कायद्याने गुन्हाच आहे. आपल्याकडेही मतदाराला दिलेली लाच लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचारात मोडते. आदल्या रात्रीचे पाकीट आणि टपालाने आलेले ते कार्ड ही एकाच जातीची वस्तू नव्हे, आणि दोन्हींना एका तराजूत घालणारा संदेश कोणाच्या सोयीचा आहे, हे आपल्या गल्लीत कोणालाही विचारावे.

आता नाइलाजाने एक गोष्ट कबूल करतो. हा प्रकार शोभेचा नव्हता. दुसऱ्याच्या नावावर आपल्या पैशाने देणगी दाखवण्यास अमेरिकी कायद्यात मनाई आहे, आणि उमेदवारच वीस देऊन एक घेत असेल तर ती देणगी खरी कोणाची, हा प्रश्न तेव्हा तिथल्या कायदेतज्ज्ञांनीही विचारला होता. शिवाय बर्गम एकटे नव्हते. मायामीचे महापौर फ्रान्सिस सुआरेझ यांनी एक डॉलर देणाऱ्यांसाठी लिओनेल मेस्सीच्या सामन्याच्या तिकिटाची सोडत ठेवली. मिशिगनचे उद्योजक पेरी जॉन्सन यांनी एका डॉलरला टी-शर्ट विकले. विवेक रामस्वामी यांनी देणग्या गोळा करून आणणाऱ्याला दहा टक्के देऊ केले. हा मला २०११ च्या पटपडताळणीसारखा प्रकार वाटतो : अनुदान डोकी मोजून मिळणार म्हटल्यावर वर्गात मुले आणून बसवली गेली, आणि हजेरीपट भरला म्हणून शिक्षण झाले असे कोणी म्हटले नाही. देणगीदारांची संख्या ही पाठिंब्याची खूण म्हणून निवडली गेली, आणि निवडली गेल्याच्या क्षणापासून ती खूण राहिली नाही. नियमाचा हा दोष खरा आहे आणि तो मोठाही आहे.

पण या युक्त्यांतून मिळाले काय, तेही पाहावे. सुआरेझ आणि जॉन्सन २३ ऑगस्टला मिलवॉकीच्या पहिल्या डिबेटच्या मंचावर नव्हते. पक्षाच्या निर्णयानंतर जॉन्सन यांनी न्यायालयात जाण्याची भाषा केली. सुआरेझ यांनी आठवड्याच्या आतच माघार घेतली. बर्गम पोचले, पण आदल्या दिवशी बास्केटबॉल खेळताना टाचेमागचा स्नायुबंध दुखावून घेतल्यामुळे जवळजवळ एका पायावरच उभे राहिले. सप्टेंबरमध्ये सिमी व्हॅलीच्या दुसऱ्या डिबेटलाही ते होते. नोव्हेंबरमध्ये मायामीसाठी अट ७० हजार देणगीदार आणि ४ टक्के पाठिंबा अशी झाली, आणि तिथे ते संपले. देणगीदार जमवता येतात, पण अनोळखी माणसाचा फोन आल्यावर आपले नाव घेणारे ४ टक्के लोक गिफ्ट कार्डावर मिळत नाहीत. उलट बाजूने २०१९ मधले माइक ग्रॅव्हेल यांचे उदाहरण माझ्या भाच्याला फार आवडले : ८९ वर्षांचे माजी सिनेटर, प्रचार चालवणारी मुले भाच्याहून थोडीच मोठी, आणि तरीही इंटरनेटवरच्या खोडसाळ, चुरचुरीत मजकुराच्या जोरावर त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाने मागितलेले ६५ हजार देणगीदार खरोखर गाठले. मंच मात्र मिळाला नाही. जागा वीसच होत्या आणि त्या चाचण्यांत पुढे असलेल्यांनी भरल्या होत्या.

दुसरा मुद्दा वंशाचा. हा मुद्दा आपल्या ग्रुपांवर सर्वात लवकर पेट घेतो, म्हणून त्याला थोडी जागा देतो. ६ डिसेंबर २०२३ रोजी टस्कलूसा येथे रिपब्लिकन पक्षाची चौथी डिबेट झाली. निकष तोवर ८० हजार देणगीदार आणि ६ टक्के इतके कडक झाले होते आणि मंचावर चारच जण उरले होते : रॉन डिसँटिस, ख्रिस क्रिस्टी, निकी हेली आणि विवेक रामस्वामी. हेली यांचे आईवडील पंजाबातून गेलेले, रामस्वामी यांचे केरळातून. म्हणजे ‘भारतीय वंशाच्यांना गाळण्यासाठी’ केलेल्या चाळणीत जे चार दाणे उरले, त्यांतले दोन भारतीय वंशाचे होते. यापुढे या मुद्द्यावर काही बोलण्याची गरज पडू नये. तरीही संदेशात २०२० साठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणारे, तैवानी वंशाचे अँड्र्यू यांग यांचे नाव आहे, आणि तिथे अर्धे सत्य आहे. १४ जानेवारी २०२० रोजी डी मॉइन येथील डेमोक्रॅटिक डिबेटमध्ये मंचावरचे सहाही उमेदवार गोरे होते. यांग यांच्याकडे देणगीदार पुरेसे होते, चाचण्या पुरेशा नव्हत्या, आणि सुट्यांच्या दिवसांत चाचण्याच कमी होतात, तेव्हा पक्षानेच सुरुवातीच्या राज्यांत त्या करून घ्याव्यात, ही त्यांची मागणी पक्षाने मानली नाही. ही तक्रार मला रास्त वाटते. परंतु पुढच्याच डिबेटला, ७ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरमध्ये, यांग मंचावर होते. आणि कमला हॅरिस डिसेंबर २०१९ च्या डिबेटसाठी पात्र ठरल्यानंतर स्वतःहून बाहेर पडल्या होत्या. त्यांना कोणी गाळले नव्हते.

बंद खोलीचा आरोप. निकष पक्षच ठरवतो, हे उघड आहे. पक्षाची निवड आहे, तर नियम पक्ष नाही तर कोण करणार? पण ते आधी जाहीर होतात, आकड्यांत असतात, आणि कोण पात्र ठरले याचा हिशेब वार्ताहर रोज मांडत असतात. बोट ठेवायचेच असेल तर ते २०२० मधल्या, न्यूयॉर्कचे अब्जाधीश माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रकरणावर ठेवावे. ते कोणाकडूनही देणगी घेत नव्हते, त्यामुळे देणगीदारांच्या अटीत बसूच शकत नव्हते. जानेवारीच्या अखेरीस डेमोक्रॅटिक पक्षाने ती अटच काढून टाकली, आणि महिनोन्‌महिने एकेक डॉलर गोळा करून बाहेर पडलेल्यांना संताप आला तो योग्यच होता. मात्र त्या उपकाराचे फळ पाहा : १९ फेब्रुवारीला लास व्हेगासच्या मंचावर प्रतिस्पर्धी उमेदवार एलिझाबेथ वॉरन यांनी पहिल्या काही मिनिटांतच त्यांची अशी काही हजेरी घेतली की पुढे दोन आठवड्यांत, शंभर कोटी डॉलरच्या घरात खर्च करून आणि अमेरिकन समोआ एवढे एकच ठिकाण जिंकून, ते घरी गेले. पैशाने मंच मिळतो, हे तिथे सिद्ध झाले खरे. पुढचे सिद्ध झाले नाही. बेळगावचे श्री ठाणेदार यांचा दाखला आपल्याकडे कोणीतरी देईलच, तर तोही याच बाजूचा आहे : २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत त्यांनी स्वतःचा भरपूर पैसा ओतला, जाहिराती घरोघर पोचल्या, आणि सुमारे १८ टक्के मतांसह ते तिघांत तिसरे आले.

उरलेले दोन मुद्दे वेळ घालवण्याजोगे नाहीत. ट्रम्प यांना २०२३ मध्ये कोणी रोखले नव्हते. चाचण्यांत ते सर्वांच्या कितीतरी पुढे होते, डिबेटला जायचे नाही हे त्यांनीच ठरवले, आणि मिलवॉकीच्या रात्री टीव्ही निवेदक टकर कार्लसन यांनी घेतलेली त्यांची मुलाखत प्रसारित झाली. खाली उतरलेला वर येत नाही, हेही खोटे. ऑगस्ट २०१५ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुक उमेदवार कार्ली फिओरिना क्लीव्हलँडला संध्याकाळच्या दुय्यम डिबेटमध्ये होत्या, आणि सप्टेंबरमध्ये मुख्य मंचावर.

हे सगळे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो थोडा हिरमुसला, कारण लाल रेघेखालच्या वाक्याला टाळ्या पडणार अशी त्याची खात्री होती. मग त्याने ते खोडले आणि खाली लिहिले : ‘वीस डॉलरचे कार्ड, दोन डिबेट, मतदानाआधी माघार.’ भाषण आता नऊ मिनिटांचे झाले आहे आणि दोन मिनिटे कापायची आहेत. ग्रॅव्हेल यांना काढायला तो कसाबसा तयार झाला. मेस्सीचे तिकीट मात्र, मामा, काही झाले तरी राहणार, असे त्याने बजावले आहे.