हवा लागली की सूत निळं होतं

आज लेकीचा सातवीचा विज्ञानाचा चाचणी पेपर घरी आला. वीसपैकी चौदा. मार्कांचं मला काही नाही, पण एका उत्तरावरची लाल फुली बघितली आणि डोकं फिरलं.

प्रश्न होता, रासायनिक बदलाची दोन उदाहरणे लिहा. पहिलं तिनं लिहिलं, लोखंड गंजणे. बरोबर. दुसरं लिहिलं, "निळीच्या टाकीतून सूत काढलं की आधी पिवळट हिरवं दिसतं, हवा लागली की निळं होतं." फुली. बाजूला शेरा, "पुस्तकातले लिहावे."

पोरगी पेपर दप्तरातून काढायलाच तयार नव्हती.

हे उदाहरण तिला तातांनी दिलंय. ताता म्हणजे माझे वडील. सोलापूरच्या पूर्व भागात सूत रंगवण्याच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी लहान असताना दुपारचा डबा घेऊन जायचे, तेव्हा एकदा त्यांनी मला टाकीपाशी उभं केलं. "डोळे मिटू नको," म्हणाले. काठीवर अडकवलेली सुताची लडी वर उचलली. पाणी निथळत होतं, सूत कच्च्या कैरीसारखं हिरवं. आणि बघता बघता, वरच्या कडेपासून, ते निळं होत खाली आलं. मला वाटलं जादू. ते म्हणाले, "हवेचं काम आहे. आत हायड्रो आणि कॉस्टिक घालून रंग विरघळवला, आता हवेनं त्याला परत पक्का केला. धुतला तरी जाणार नाही." हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, कॉस्टिक म्हणजे कॉस्टिक सोडा.

सगळ्या पेठा फिरून या, असा धडा कुठल्या वर्गात मिळत नाही. हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया, लोखंड गंजताना होते तशीच, डोळ्यासमोर अर्ध्या मिनिटात. आणि ज्या शहराच्या चादरी देशभर जातात त्या शहरात हे उदाहरण चूक?

सहावी ते आठवीला आपल्याकडे सगळं विज्ञान एकाच पुस्तकात असतं, सामान्य विज्ञान. भौतिक, रसायन, जीव वेगळे नाहीत. दहावीत त्याचे भाग एक, भाग दोन होतात. सातवीचं पुस्तक मी परत चाळलं. २०१७ साली बदललेलं. चांगलं आहे, खरंच चांगलं आहे. गती, बल व कार्य आहे, उष्णता आहे, मूलद्रव्ये, संयुगे, मिश्रणे आहेत, मानवी शरीर आहे. हे सगळं एका पुठ्ठ्यात का बांधलं असेल? त्या एका कारखान्यात हे सगळं होतं म्हणून! टाकीखालची आच म्हणजे उष्णता. लड्या वाळतात ते बाष्पीभवन. उरलेलं निळं पाणी नाल्यात जातं, तिथल्या जिवांचं काय होतं, तो पर्यावरणाचा धडा. शेजारच्या मागांवर आडवं सूत नेणारा धोटा धावतो, ते बल आणि गती. आणि मागांवर काम करणाऱ्यांच्या छातीत कापसाची धूळ बसते, तो श्वसनाचा धडा. माझ्या काकांचा खोकला आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकलाय मी.

आणि आपण शिकवतो काय? गाळलेल्या जागा आणि जोड्या लावा.

बाईंवर सगळा राग काढणं बरोबर नाही, मान्य. वर्गात साठ पोरं, वर निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं. उत्तरपत्रिका तपासायला वेळ कुठून आणायचा. पण एक वाक्य नीट वाचायला किती वेळ लागतो हो? "हवा लागली की," हे शब्द तिथेच लिहिलेत. कारण तिनं सांगितलंय. पाठ केलेल्या पोराला कारण सांगता येत नाही.

उद्या शाळेत जाणार आहे. भांडायला नाही. बाईंना विचारणार, एक शनिवार द्याल का, मुलांना तिकडे घेऊन जायला. तातांचे जुने मालक अजून ओळख ठेवून आहेत.

संध्याकाळी ताता आले. पोरगीनं पेपर लपवला, त्यांनी मागितलाच. चष्मा नाकावर ओढून त्यांनी ते उत्तर दोनदा वाचलं. फुलीकडे बघितलंसुद्धा नाही. "सगळं बरोबर लिहिलंस," म्हणाले. "फक्त निळं होण्याआधी एकदा पिवळं होतं, एकदा हिरवं. ते दोन्ही लिहायला पाहिजे होतंस."