आन्येहोमध्ये अगेव्ह उरायला हवे
शेवटचे काही महिने बर्बनच्या, म्हणजे मक्यापासूनच्या अमेरिकी व्हिस्कीच्या, पिंपात ठेवलेली एक आन्येहो (किमान वर्षभर मुरवलेली) टकीला काल रात्री मीठ-लिंबाशिवाय, अरुंद तोंडाच्या ग्लासातून सावकाश चाखली. ती मला आवडली, तरीही तिच्याविषयी एक तक्रार नोंदवल्यावाचून राहवत नाही.

पहिला वास व्हॅनिला आणि कॅरॅमलचा आला, त्यामागून खोबऱ्याचा. हे सारे लाकडाचे देणे आहे. अमेरिकी कायद्यानुसार बर्बन आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा रिकामी झालेली पिंपे बर्बनसाठी पुन्हा वापरता येत नाहीत आणि ती स्कॉटलंडला किंवा मेक्सिकोला विकली जातात. म्हणजे पुष्कळशी मुरवलेली टकीला मुळातच बर्बनच्या जुन्या पिंपांत वाढलेली असते, आणि लेबलावर बर्बनचे नाव ठळक छापल्याने फारसे काही सिद्ध होत नाही. पिंप कितव्यांदा भरले, हा खरा प्रश्न आहे. नुकत्याच रिकाम्या झालेल्या पिंपाच्या फळ्यांत बर्बन भिनलेली असते व ती टकीलामध्ये झपाट्याने उतरते. अनेकदा वापरलेले पिंप मात्र पेयाला हळूहळू गोलाई देते आणि स्वतः मागे राहते. काल चाखलेल्या बाटलीतले पिंप पहिल्या प्रकारचे असावे, असे मला वाटते.

कारण टकीला ज्या वनस्पतीपासून बनते, त्या अगेव्हची चव दुसऱ्या-तिसऱ्या घोटापर्यंत शोधावी लागली. आपल्या बांधांवरच्या घायपाताच्या कुळातले हे निळे अगेव्ह मेक्सिकोतल्या जालिस्को राज्याच्या शेतात साधारण 6 ते 8 वर्षे वाढते, मग हिमादोर, म्हणजे अगेव्ह तोडणारा कामगार, त्याची पाने छाटून गाभा मोकळा करतो आणि पारंपरिक पद्धतीत तो विटांच्या भट्टीत सावकाश शिजतो. त्या शिजण्यातून भाजलेल्या रताळ्यासारखा जो गोड, किंचित मातकट गंध येतो, तोच टकीलाचा आत्मा आहे. आन्येहो म्हणवण्यासाठी 600 लिटरपर्यंतच्या ओकच्या पिंपात किमान 1 वर्ष पुरते; त्या एका वर्षाने शेतातली इतकी वर्षे झाकून टाकावीत, हे मला मान्य नाही. थोडे पाणी घातल्यावर तो गंध वर आला, सोबत मिरीचा तिखटपणाही आला, आणि शेवटची कोरडी, लाकडी चव बराच वेळ जिभेवर राहिली. ही शेवटची चव उत्तम होती, हे मोकळेपणाने सांगतो.

गडद रंगावरून मात्र कोणीही भुलू नये. मेक्सिकोचे मानक मुरवलेल्या टकीलामध्ये कॅरॅमल रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक वजनाच्या 1 टक्क्यापर्यंत लेबलावर न लिहिता वापरू देते. म्हणूनच त्याच उत्पादकाची न मुरवलेली ब्लांको आधी चाखावी आणि तिच्यातले अगेव्ह आन्येहोमध्ये ओळखू येते का ते पाहावे. येत नसेल, तर त्या बाटलीला जास्त किंमत मोजण्याचे कारण मला दिसत नाही.