सात तारखेची वही

परवा आबांना ७५ पूर्ण झाली. घरीच ओवाळलं, तांबडा-पांढरा केला, नातवंडांनी दंगा घातला. जेवणं उरकल्यावर आईनं कपाटातनं घरच्या हिशोबाच्या वह्यांचा गठ्ठा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "घेऊन जा तू. मला आता बारीक अक्षर दिसत नाही." १९८६ पासूनच्या वह्या आहेत. पुठ्ठे सुटलेत, काहींना वाळवी लागलीय. त्या रात्री अडीचपर्यंत वाचत बसले, आणि आज हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आबा शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. तीस-बत्तीस वर्षं लेथवर उभे राहिले. पगार सात तारखेला व्हायचा. पाकीट आणून आधी देवापुढं ठेवायचे, मग मोरीत जाऊन हात घासायचे. कितीही घासले तरी कुलंटचा, म्हणजे लेथवरच्या तेलकट पाण्याचा, वास जायचा नाही. चहा झाला की खोलीत चटई पडायची. आई वही घेऊन बसायची आणि म्हणायची, "सांगा, मी लिवतो." (आमच्या कोल्हापुरात बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात, बाहेरच्यांसाठी सांगून ठेवते.) मी आणि दादा तिथं बसायचंच, हा नियम होता. अभ्यास असो, खेळ असो, सात तारखेला संध्याकाळी चटईवर.

काकांना हे अजिबात पटायचं नाही. एकदा म्हणाले, "पोरांसमोर पैशाचं कशाला काढतोस? त्यांच्या डोक्याला काळजी लागती." आबा म्हणाले, "जेवायला एका पंगतीत बसत्यात. मग हिशोबालाच तेवढं बाहेर का काढू?"

आज मला आईबापाचे आभार मानायचेत ते ह्याच एका गोष्टीसाठी. काटकसर तर त्या काळात घरोघर होती, गरजच होती ती. पण पैसा किती येतो, कुठं जातो, कुठं अडलंय, हे पोरांसमोर उघड बोलायचं, हे मी माझ्या एकाही मैत्रिणीच्या घरी बघितलं नाही.

जून १९९३ चं पान आत्ता समोर आहे. पगार १,९५०, ओव्हरटाइम २१०. घरभाडं, वाणी, दूध, रॉकेल. गावाकडं आज्जीला २००. पोस्टात १००, भिशी १००. पोरांच्या वह्या-पुस्तकांना १६५. खाली आईच्या अक्षरात एक ओळ: "दप्तर पुढच्या महिन्यात, दोघांना सांगितलं." 'दोघांना सांगितलं' ह्या दोन शब्दांवर मी बराच वेळ थांबले. मी तेव्हा सहावीत गेले होते. दप्तराचा बंद तुटला होता आणि आईनं दाभणानं शिवून दिला होता, एवढं आठवतं. रुसल्याचं मात्र काही केल्या आठवत नाही.

१९९५ ची दिवाळी तर लख्ख आठवते. कारखान्यात काम नव्हतं, दोन महिने अर्ध्या पगारावर काढले होते. आबांनी पैसे चटईवर मांडले. मोजून दाखवले. म्हणाले, "एवढंच हाय. कापडं घ्यायची, का फटाके, का फराळ नीट करायचा? तिन्ही न्हाई जमायचं. बोला." दादानं माझ्याकडं बघितलं. आम्ही फराळ म्हणालो. आईनं त्या वर्षी चकल्यांचा दोनदा घाणा काढला आणि आम्ही गल्लीतला सगळ्यात मोठा किल्ला केला. माती फुकट होती. शेजारच्या पोरांच्या अंगावर नवी कापडं होती, आमच्या नव्हती, पण का नव्हती ते ठाऊक असल्यामुळं कुणाचा राग आला नाही. ज्या घरात नुसतं 'पैसे नाहीत' असं ओरडून सांगतात, तिथल्या पोरांना वाटतं आपल्यावर प्रेमच नाही. हे मी जवळून बघितलंय.

भिशी मला आईनं समजावली तीही ह्याच चटईवर. बारा बायका, महिन्याला शंभर-शंभर, म्हणजे दरमहा एकीला बाराशे. चिठ्ठी निघायची. आईची आधी निघाली तर ती दुसरीला द्यायची आणि शेवटचा नाही तर अकरावा नंबर घ्यायची. मी विचारलं, का? म्हणाली, "पयल्यांदा उचलली की ते कर्ज. अकरा महिने फेडत बसायचं. शेवटाला घेतली की ती साठवण." सातवी शिकलेली बाई. पुढं मी कॉमर्स केलं, बँकेच्या परीक्षा दिल्या, पण उधारी आणि बचत ह्यातला फरक इतका सोपा करून मला परत कुणी सांगितला नाही.

सोनंही ती तसंच घ्यायची. दसऱ्याला नाही तर पाडव्याला गुजरीत, आमच्या सराफ बाजारात, जायची आणि ग्रॅम, दोन ग्रॅमचं साधं वेढणं आणायची. नक्षीचा दागिना कधी नाही. मजुरी वाया जाते आणि मोडायला गेलं की घट धरतात, हे तिचं ठरलेलं उत्तर. माझ्या लग्नात तीच वेढणी आटवून मंगळसूत्र केलं.

ह्यावरून घरात सदा हात आखडता असायचा असं कुणी समजू नका. रविवारी मटण व्हायचंच, पाव किलो का असेना. महिन्यातनं एकदा आबा आम्हाला रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्यायचे. म्हैस समोर उभी, पिळलेलं धारोष्ण दूध थेट पेल्यात, फेस ओठावर. खासबागेत मोठी कुस्ती असली की दादाला खांद्यावर घेऊन जायचे. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं ते मैदान बघून आबांची छाती अजून फुगते. वहीत ह्या खर्चाला वेगळी ओळ असायची, नाव 'आनंद'. मी खोटं सांगत नाही, आईच्या अक्षरात 'आनंद – ४०' असं लिहिलेलं आहे. हा खर्च कधी काटला गेला नाही, अगदी त्या अर्ध्या पगाराच्या महिन्यातही १० रुपये आहेत.

आणि चप्पल. आबांनी आयुष्यभर कापशी, म्हणजे कोल्हापुरीतलाच एक प्रकार, चप्पल वापरली. एकच जोड, पण कारागिराकडून मापानं करून घेतलेला, तेल पाजलेला. टाच झिजली की बसवून आणायची, अंगठा तुटला की शिवायचा. एक जोड पाच-सहा वर्षं जायचा. मी कॉलेजात असताना दर चार महिन्यांना स्वस्तातली सँडल घ्यायचे. आबा कधी रागावले नाहीत. एका सात तारखेला फक्त वर्षाची बेरीज करून दाखवली. माझ्या सँडली त्यांच्या चपलेच्या दुप्पट झाल्या होत्या.

आता अवघड ते सांगते. २००८ साली एका पतसंस्थेत आबांचे ८०,००० रुपये अडकले. माझ्या लग्नासाठी ठेवलेले. बँकेपेक्षा तीन टक्के जास्त व्याज म्हणून ठेवले होते. एके दिवशी शटर बंद आणि बाहेर गर्दी. आबा घरी आले, पाणीही न पिता आम्हा सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, "माझी चूक झाली. जास्तीच्या व्याजाला भुललो." मी २६ वर्षांची होते. बापाला असं मान खाली घालून बसलेलं पहिल्यांदा बघितलं. आईनं वही उघडली, आकडा लिहिला, पुढं 'बुडाले' लिहिलं आणि खाली रेघ मारली. कुणी कुणाला बोललं नाही. मग चौघांनी बसून ठरवलं, लग्न हॉलमध्ये न करता गावाकडं देवळात करायचं. त्यातले २२,००० पुढं थोडे थोडे करून परत मिळाले, बाकीचे गेले.

म्हणून हे लिहिणं मी माझं कर्तव्य मानते. बँक सहकारी असली तरी तिच्यातल्या ठेवींना ठेव विम्याचं संरक्षण असतं. पूर्वी ते एका ठेवीदाराला एका बँकेत १ लाखापर्यंत होतं, फेब्रुवारी २०२० पासून व्याज धरून ५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागू नाही. आपल्याकडं गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, कित्येक चांगल्या चालतात, पण हा फरक माहीत असलाच पाहिजे. आमच्या घरात तेव्हा तो कुणालाच माहीत नव्हता.

२०१९ च्या महापुरात आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात कमरेएवढं पाणी आलं. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, हायवे बंद, आमच्या भागात लाइट नाही, एटीएम नाही. आईनं घरातनं निघताना दोनच गोष्टी उचलल्या: वह्यांची पिशवी आणि तुपाचा जुना डबा. डब्यात २५,००० रोख होते, अडीनडीचे. त्यातले ५,००० आबांनी तिथल्या तिथं शेजाऱ्याच्या हातात ठेवले, त्यांच्या सुनेला आठवा महिना लागला होता. नंतर वहीत बघितलं तर ती रक्कम आईनं 'उसने' मध्ये लिहिलीच नव्हती, 'दिले' मध्ये लिहिली होती. ही तिची जुनी पद्धत. परत येतील म्हणून द्यायचेच नाहीत, जेवढे गेले तरी चालतील तेवढेच द्यायचे. आले तर जमेत नवी ओळ. चार महिन्यांनी ती ओळ आली.

आज माझ्या ऑफिसात निम्म्याहून जास्त जणांच्या पोरांना बापाचा पगार माहीत नाही. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, क्रेडिट कार्डाचं बिल, सगळं रात्री बंद दारामागं. पोरांना दिसतं ते फक्त मोबाइल पुढं धरला की टिंग वाजतं आणि वस्तू मिळते. नोट मोजताना हाताला जे कळायचं ते आता कळत नाही. मग सतरा-अठराव्या वर्षी पोरगं लाखाची गाडी मागतं आणि आपण म्हणतो, ह्याला किंमतच नाही. अहो, किंमत आपण त्याला कधी दाखवली?

माझ्या मुलानं दहावीच्या सुट्टीत गाडी मागितली तेव्हा मी माझी आणि ह्यांची पगाराची स्लिप त्याच्यापुढं ठेवली. ह्यांना सुरुवातीला अवघड वाटलं, चारचौघांत बोलला तर, म्हणून. तो कुठंच बोलला नाही. तासभर बसून हप्ते मांडत होता. मग विचारलं, "आई, आज्जीच्या औषधांचं कुठं लिहिलंय?" ते मी लिहायला विसरले होते.

तेव्हापासून आमच्या घरीही सात तारखेला वही उघडते. लिहितो तो. ह्या महिन्याच्या पानावर शेवटची ओळ त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात आहे: "आबांची चप्पल, टाच बसवली, ६० रुपये."