परप्रांतीय वाढले म्हणून मत फिरत नाही

रत्नागिरी-चिपळूणच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: शहरात परप्रांतीय वाढले की स्थानिक माणूस आपोआप भूमिपुत्रांच्या पक्षामागे जातो, मुंबईत तेच झालं, आता कोकणची पाळी. बाहेरच्यांनी आपल्या पोरांची कामं घेतली, जमिनी घेतायत, उद्या मतदार होऊन नगरपरिषदही घेतील.

आधी मुंबईचं बघू. शिवसेना १९६६ साली निघाली तेव्हा रोख होता दाक्षिणात्यांवर. पण त्या काळी मुंबईत गुजराती बोलणारे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होते. डोकी मोजूनच राग येत असता, तर तो भलत्याच दिशेला गेला असता. गेला दाक्षिणात्यांकडे, कारण कारकून आणि टायपिस्टच्या ज्या खुर्च्यांवर मॅट्रिक झालेल्या मराठी पोराचा डोळा होता, तिथे ते दिसत होते. आणि ही खदखद एकत्र बांधणारी संघटना उभी राहिली.

अलीकडचं उदाहरण मनसेचं. २००६ मध्ये स्थापना, २००९ च्या विधानसभेत १३ आमदार, २०१४ ला एक, २०१९ ला एक, २०२४ ला शून्य. या पंधरा वर्षांत उत्तरेकडून मुंबईला येणाऱ्या गाड्या काही रिकाम्या येत नव्हत्या. मग ‘आपोआप’ कुठे गेलं?

आता कामं घेतल्याचं. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला जेटीवर उभं राहा. मालक आपला, तांडेल म्हणजे बोट चालवणारा प्रमुख बहुधा आपला, खलाशी नेपाळी. हापूसच्या बागेत राखणीला नेपाळीच, चिरेखाणीवर कर्नाटकातले मजूर. पण २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. पुरुष कुठे गेले ते सगळ्यांना ठाऊक आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांपासून ही वाट चालू आहे, आणि तिकडे आपणच बाहेरून आलेले होतो. नेपाळी खलाशी आला तो या रिकाम्या झालेल्या जागेवर. त्याला आगाऊ रक्कम देऊन बोलावणारे बोटमालक आणि बागायतदारही हा मजकूर मोठ्या हौसेने पुढे ढकलतात, हे आणखी वेगळं.

कोकणातला माणूस चिडत नाही असं नाही. पोटावर पाय आला की रस्त्यावर उतरतो. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी पर्ससीन जाळ्यांविरुद्ध, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरून ओढणाऱ्या मोठ्या जाळ्यांविरुद्ध, वर्षानुवर्षं लढा दिला. ५ फेब्रुवारी २०१६ ला शासनाने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला. कर्नाटकातले हायस्पीड ट्रॉलर आपल्या हद्दीत घुसतात तेव्हाही बंदरात वातावरण तापतं. पण या भांडणात पर्ससीनवाले बरेचसे इथलेच, मराठी बोलणारे. म्हणजे राजकारण पेटलं ते जाळ्यावरून आणि माशावरून. बोटीवरच्या खलाशाचं गाव कुठलं, यावरून तेवढा मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

जमिनीचं थोडक्यात. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. रखवालदार नेपाळी काही सातबाऱ्यावर नाव चढवत नाही. जमीन घेणाऱ्यांत मुंबई-पुण्याचे पैसेवाले पुष्कळ असतात आणि विकणारे आपलेच सहहिस्सेदार.

राहिलं मतदानाचं. संविधानाच्या कलम ३२६ प्रमाणे मत भारतीय नागरिकालाच. १९५० च्या भारत-नेपाळ कराराने नेपाळी माणसाला इथे राहता येतं, काम करता येतं. मत देता येत नाही. उत्तर प्रदेशातला सुतार रत्नागिरीत राहत असेल, तर नमुना ६ (आधी दुसरीकडे नाव असेल तर नमुना ८) भरून नाव नोंदवणं हा त्याचा हक्क आहे, लालबागला स्थायिक झालेल्या आपल्या काकांचा मुंबईत आहे तितकाच. बोगस नाव वाटलं तर नमुना ७ भरून हरकत घ्यावी, फॉरवर्डची गरज नाही. यादीत नाव राहायला तिथे सामान्यतः राहत असावं लागतं, असं कायदा म्हणतो. तो नियम काटेकोर लावायचा, तर पहिली कात्री लागेल ती मुंबईत राहून गावच्या यादीत नाव ठेवणाऱ्या चाकरमान्यांना. निवडणुकीच्या आदल्या रात्री त्यांना आणायला बसगाड्या कोण पाठवतं, ते हा मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावं.